पहिला तुकडा बरोबर, पुढचे सरकलेले : छोट्या सीएनसीवर एकच जॉब पुन्हा पुन्हा चालवताना

छंदासाठी घेतलेल्या सीएनसी मशीनवर एखादी वस्तू एकदा करणे आणि तीच वस्तू पन्नास वेळा करणे ही दोन वेगळी कामे आहेत. एकाच वस्तूसाठी शून्य, म्हणजे मोजमापाचा आरंभबिंदू, कुठेही घेतले तरी चालते, कारण कोरीवकाम आणि बाहेरचा काप दोन्ही त्याच शून्यापासून मोजले जातात आणि सगळे मिळून सरकले तरी वस्तूवर काहीच दिसत नाही. आधीच मापात कापलेले तुकडे एकामागून एक लावून त्यांवर कोरायचे असेल तेव्हा मात्र तीच मशीन आणि तीच फाइल चौथ्या-पाचव्या तुकड्यापासून वेगळे उत्तर देऊ लागते.

पुढील विवेचनासाठी एक ठरावीक काम डोळ्यांसमोर ठेवले आहे. मशीन ३०१८ प्रकारचे आहे, म्हणजे त्याचे कामाचे क्षेत्र साधारण ३०० बाय १८० मिमी आहे, कंट्रोलरवर जीआरबीएल १.१ हा मशीनची हालचाल सांभाळणारा प्रोग्राम आहे आणि काम ६० बाय ३० मिमीच्या सागवानी नावपट्ट्यांचे आहे. प्रत्येक पट्टीवर कडेपासून ३ मिमी आत एक चौकट आणि मधोमध नाव कोरायचे आहे. या कामातली खरी परीक्षक ती चौकट आहे. नाव पाव मिलीमीटर सरकले तर कोणाच्या लक्षातही येत नाही, पण मोकळी कड एका बाजूला पावणेतीन मिमी आणि समोर सव्वातीन मिमी झाली की गिऱ्हाइकाला नेमके काय खटकते ते सांगता येत नसले तरी पट्टी वाकडी वाटते.

दोष मशीनचा की लावण्याचा

अशा वेळी बहुतेक जण आधी फीड (कापणाऱ्या पात्याचा, म्हणजे बिटाचा, सरकण्याचा वेग) कमी करतात, मग स्क्रू आवळतात, मग फाइल पुन्हा तयार करतात, आणि या तिन्हींनंतरही दोष राहिला की मशीनच स्वस्तातले आहे असा निष्कर्ष काढतात. त्याऐवजी एक साधी चाचणी आधी करावी. एक टाकाऊ तुकडा घट्ट बसवावा, निम्म्या खोलीवर पूर्ण जॉब चालवावा, आणि तुकड्याला किंवा क्लॅम्पला हात न लावता तीच फाइल पूर्ण खोलीवर पुन्हा पाठवावी. दुसऱ्या वेळचा बिट पहिल्या खाचेतच उतरला आणि रेघ कुठेही दुहेरी दिसली नाही, तर मशीन, फाइल आणि कंट्रोलर निर्दोष आहेत, आणि सगळा दोष तुकडा काढण्या-लावण्यात आहे. माझ्या पाहण्यात निम्म्याहून अधिक तक्रारी येथेच संपतात.

रेघ दुहेरी आली तर तीच चाचणी हवेत करावी. बेडवर चिकटवलेल्या कागदी टेपवर बारीक फुली काढून बिटाचे टोक तिच्या छेदावर आणावे आणि तेथेच एक्स-वायचे शून्य घ्यावे. मग झेडचे, म्हणजे उंचीचे, शून्य २० मिमी वर घेऊन जॉब सलग काही वेळा रिकामाच चालवावा आणि शेवटी टोक परत फुलीवर आणून पाहावे. हवेतच सरकत असेल तर लाकडाचा आणि बिटाचा काही संबंध नाही. वेग, प्रवेग, मोटरला मिळणारा करंट, वायरिंग किंवा कपलिंग (मोटर आणि स्क्रू जोडणारा तुकडा) पाहावे. हवेत जागेवर येते आणि कापताना सरकते असे असेल तर बोथट बिट, एका फेरीतली जास्त खोली किंवा ढिला गॅन्ट्री (बिट फिरवणारी मोटर धरणारा सांगाडा) यांपैकी काहीतरी आहे.

सरकलेले अंतर मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये

कॅलिपर किंवा डायल इंडिकेटर हाताशी असेल तर सरकलेल्या अंतराचा आकडाच पुष्कळ काही सांगतो. या मशीनवरच्या स्टेपर मोटरी १.८ अंशांच्या असतात, म्हणजे एका फेऱ्यात २०० पूर्ण पावले. जोर अपुरा पडून मोटर घसरते तेव्हा ती मन मानेल तितकी घसरत नाही. तिचे विद्युतचक्र चार पूर्ण पावलांचे असल्यामुळे रोटर चार पावलांच्या पटीतच दुसऱ्या स्थिर जागी जाऊन बसतो. एका फेऱ्यात ४ मिमी सरकवणारा स्क्रू असेल तर हे अंतर ०.०८ मिमी होते, आणि २० दात्यांच्या पुलीवर २ मिमी पिचचा बेल्ट असेल तर ०.८ मिमी. आपल्या मशीनचा स्क्रू कोणता हे सेटिंगवरूनही कळते: $१०० (एक्स अक्ष १ मिमी सरकवायला लागणारी सूक्ष्म पावले) ची किंमत ८०० असेल आणि ड्रायव्हर, म्हणजे मोटरला करंट देणारी चिप, एका पूर्ण पावलाच्या सोळा सूक्ष्म पावलांवर लावलेला असेल, तर एका फेऱ्याची ३२०० भागिले ८०० म्हणजे एका फेऱ्यात ४ मिमी.

म्हणून स्क्रूच्या मशीनवर तुकडे ०.०८, ०.१६, ०.२४ अशा टप्प्यांनी एकाच दिशेला सरकत गेले, तर प्रत्येक जॉबमध्ये कुठेतरी एका जलद हालचालीत पावले गळत आहेत असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. $११० व $१११ मधील कमाल वेग आणि $१२० व $१२१ मधील प्रवेग प्रथम निम्म्यावर आणून पाहावे, आणि दोष गेला की हळूहळू वाढवत न्यावे. बेल्टच्या मशीनवर सरकणे ०.२ मिमीचे असेल तर त्याचा पावले गळण्याशी संबंध नाही, मग वेग कितीही कमी केला तरी उपयोग होणार नाही. अंतर कोणत्याच पटीत बसत नसेल आणि तरीही एकाच बाजूला वाढत असेल, तर कपलिंगचा ग्रब स्क्रू शाफ्टवर घसरत आहे का ते पाहावे. त्यासाठी कपलिंग आणि शाफ्ट दोन्हींवरून मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवावी. जॉबनंतर रेघ तुटलेली दिसली की पुढे शोधण्याचे कारण उरत नाही.

पहिले काही तुकडे अचूक आणि तासाभराने बिघाड सुरू, हा नमुना उष्णतेचा आहे. ए४९८८ ड्रायव्हर फार तापला की स्वतःला क्षणभर बंद करतो आणि तेवढ्या वेळात पावले गळतात. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, बंद खोक्यातल्या कंट्रोलरवर हे घडते आणि तोच जॉब पहाटे चालवला की घडत नाही, त्यामुळे मालक चक्रावतो. हीट सिंक आणि सरळ ड्रायव्हरवर वारा मारणारा छोटा पंखा एवढाच त्यावर उपाय आहे. करंट वाढवणे हा उपाय येथे उलटा पडतो.

बॅकलॅश, ज्याला वर्कशॉपमध्ये नुसते ‘प्ले’ म्हणतात, त्याच्यावर नको तितका दोष टाकला जातो. प्ले साठत नाही. त्यामुळे वर्तुळ किंचित चपटे येईल, चौकटीची सुरुवात आणि शेवट नीट जुळणार नाहीत, पण विसावा तुकडा दुसऱ्यापेक्षा अधिक सरकलेला आहे यामागे तो असू शकत नाही.

तुकडा बदलताना मोकळी होणारी मोटर

एका सेटिंगकडे कोणाचे लक्ष जात नाही, कारण त्यामुळे जॉब चालू असताना काहीच बिघडत नाही. जीआरबीएलमध्ये $१ ही संख्या हालचाल थांबल्यावर किती मिलिसेकंदांनी मोटरींचा पुरवठा तोडायचा ते ठरवते आणि तिची मूळ किंमत २५ आहे. म्हणजे जॉब संपताच मोटरी सुटतात, आणि नेमक्या त्याच वेळी आपण क्लॅम्प ढिला करतो, तुकडा उपटतो, नवा तुकडा अंगठ्याने दाबून बसवतो. बेल्टच्या मशीनचा गॅन्ट्री एवढ्याने सहज हलतो. स्क्रूचे मशीन सहसा ढकलून हलत नाही, पण काही मशीनांवर स्क्रूच्या टोकाला हाताने फिरवायची गोल मूठ असते आणि तिला मनगट लागणे पुरेसे असते. पुरवठा परतला की रोटर पुन्हा चार पावलांच्या पटीतल्याच जवळच्या जागी बसतो, त्यामुळे हा दोष आकड्यावरून पावले गळल्यासारखाच दिसतो. फरक एवढाच की हवेतल्या सलग चाचणीत तो कधीच सापडत नाही, कारण तेव्हा कोणी मशीनला हातच लावत नाही.

$१ ची किंमत २५५ केली की मोटरी सतत धरलेल्या राहतात. त्या जास्त तापतात हे खरे असले तरी करंट योग्य लावलेला असेल तर त्यात धोका नाही. पुनरावृत्तीच्या कामासाठी दुसरा पर्याय मला मान्य नाही.

शून्य तुकड्याचे नव्हे, मशीनचे

प्रत्येक नव्या तुकड्याच्या कोपऱ्यावर बिट नेऊन डोळ्यांनी शून्य घेण्यात वेळ जातो तो जातोच, शिवाय प्रत्येक वेळी थोडी वेगळी चूक होते. शून्य एकदाच घ्यावे आणि ते तुकडा ज्यात बसतो त्या बैठकीचे असावे. त्यासाठी मशीनला स्वतःचे स्थान माहीत असणे आवश्यक आहे. लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाला बसवलेले स्विच) नसलेले मशीन सुरू करताना जिथे उभे असेल तीच जागा जीआरबीएल मशीनचे शून्य धरते. आर्दुइनो उनोसारख्या कंट्रोलर बोर्डवर तर संगणकाने यूएसबी पोर्ट नव्याने उघडले तरी बोर्ड रीसेट होतो आणि हेच घडते. जी५४ मध्ये, म्हणजे कामाचे शून्य साठवण्याच्या पहिल्या प्रणालीत, साठवलेले अंतर जसेच्या तसे राहते, पण ज्या शून्यापासून ते मोजले होते ते शून्यच बदललेले असते. ‘काल बरोबर होते, आज सगळे दहा मिलीमीटर बाजूला’ या तक्रारीचे कारण बहुधा इतकेच असते. तिन्ही अक्षांना स्विच बसवून $२२ चालू करावे आणि मशीन सुरू केल्यावर प्रथम होमिंग करावे, म्हणजे स्विचपर्यंत जाऊन मशीनला आपले स्थान ठरवू द्यावे. प्रत्येक तुकड्यामागे होमिंग करण्याची गरज नाही. त्याने स्विचची बारीक अनिश्चितता दर वेळी नव्याने आत येते.

जी९२ वापरून घेतलेले शून्य रीसेटनंतर पुसले जाते, म्हणून या कामात ते टाळावे. जी१० एल२० ने जी५४ ते जी५९ या सहांपैकी एखाद्या प्रणालीत लिहिलेले शून्य वीज गेली तरी टिकते, आणि होमिंग केले की पुन्हा खरे ठरते. ही आज्ञा मात्र जॉबच्या फाइलमध्ये घालू नये, स्वतंत्रपणे द्यावी. ती बोर्डच्या कायमस्वरूपी स्मृतीत लिहिते, आणि लिहिण्याच्या क्षणी मागून वेगाने येणारी अक्षरे हरवण्याचा संभव असतो.

यातच एक खोड आहे. जीआरबीएल १.१ मध्ये फाइलच्या शेवटचा एम३० (प्रोग्राम संपल्याची आज्ञा) चालू प्रणाली परत जी५४ वर आणतो. कोणी जी५५ हाताने निवडून जॉब चालवला तर पहिला तुकडा योग्य जागी होतो, आणि लगेच तीच फाइल पुन्हा पाठवली की बिट भलत्याच ठिकाणी, कधी थेट क्लॅम्पवर, उतरतो. हा दोष मशीनचा नाही. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीलाच हवी ती प्रणाली लिहिलेली असावी. पडद्यावर निवडलेल्या प्रणालीवर विसंबू नये.

जॉब मध्येच थांबवायचा झाला तर आधी विराम द्यावा, हालचाल पूर्ण थांबू द्यावी आणि मगच रीसेट करावे. चालत्या हालचालीत रीसेट केल्यास कंट्रोलर स्थान हरवल्याचा इशारा देतो. तो इशारा नुसता पुसून पुढे न जाता पुन्हा होमिंग करावे.

बैठक

चाचणीत मशीन निर्दोष ठरले असेल तर सगळे लक्ष येथे द्यावे. बैठक त्याच मशीनने, होमिंग झाल्यानंतर, जी५५ सारखी स्वतंत्र प्रणाली लावून कोरून घेणे हा सर्वांत बिनचूक मार्ग आहे, कारण मग तिच्या भिंती मशीनच्या अक्षांना आपोआप समांतर येतात आणि तिचे शून्य आधीच ठाऊक असते. बेडवरच्या एमडीएफच्या तक्त्यात थेट कोरणे सोपे असले तरी कोकणातल्या पावसाळ्यात एमडीएफ फुगतो. त्यामुळे जास्त दिवस चालणाऱ्या कामासाठी ॲक्रिलिकची बैठक करून ती डॉवेल पिनांवर बसवावी.

तुकडा चारही बाजूंनी घट्ट बसेल असा खड्डा करण्याचा मोह टाळावा. हाताने कापलेल्या सागवानी पट्ट्या एकसारख्या नसतात, त्यातून लाकूड आडव्या तंतूंच्या दिशेने हवेनुसार कमी-जास्त होते, त्यामुळे सकाळी बसणारी पट्टी आठवड्याने अडकते. लांब बाजूला दोन टेकू आणि आखूड बाजूला एक, एवढेच पुरते. समोरच्या बाजूंनी लाकडी पाचर किंवा फिरवून दाबणारा गोल तुकडा लावून पट्टी नेहमी त्याच तीन टेकूंवर दाबली गेली पाहिजे. दाबण्याचा क्रमही ठरलेला असावा: आधी लांब बाजू, मग आखूड.

दोन भिंती जिथे मिळतात तो कोपरा खोल गोल करून मोकळा सोडावा. गोल बिट आतला कोपरा काटकोनी कापू शकत नाही, त्यामुळे पट्टीचे टोक तिथे अडते. आणि कोपरा काटकोनी असला तरी भुसा तिथेच साचतो. भुशाचा एक कण टेकू आणि पट्टी यांच्यामध्ये आला की पट्टी एका टोकाला तेवढी उचलली जाते आणि चौकट तिरपी होते. म्हणून सलग भिंतीपेक्षा पिनांचे टेकू चांगले. तुकडा काढल्यावर ब्रश फिरवणे हा कामाचाच भाग समजावा, त्याला पर्याय नाही.

पट्ट्यांच्या मापातच पाव मिलीमीटरचा फरक असेल तर कितीही चांगली बैठक चौकट मधोमध आणू शकणार नाही. अशा वेळी लांब पट्टी लावून कोरीवकाम आणि बाहेरचा काप एकाच पकडीत करावा, म्हणजे चौकट आणि कड यांचे नाते मशीनच ठरवते. आधी कापून ठेवलेले तुकडे वाया जातात याचे वाईट वाटते, पण घासकाम आणि निवडानिवड यांत जाणारा वेळ पाहता हाच मार्ग स्वस्त पडतो.

खोली बदलत जाणे

बाजूला सरकण्यापेक्षा खोलीतला बदल अधिक फसवा असतो, कारण तो रेघेच्या जाडीतून दिसतो. ६० अंशांच्या व्ही-बिटाने खोली ०.१ मिमीने वाढली की रेघ सुमारे ०.११५ मिमीने रुंद होते, ३० अंशांच्या बिटाने सुमारे ०.०५४ मिमीने. पट्ट्यांची जाडी कमी-जास्त असेल आणि झेडचे शून्य बेडवर घेतले असेल तर प्रत्येक नाव वेगळ्या जाडीचे येणारच. आरपार कापायचे असेल तर शून्य बेडवर घ्यावे, कारण तिथे बेड सुरक्षित राखणे महत्त्वाचे असते. कोरायचे असेल तर पट्टीचा वरचा पृष्ठभाग हाच आधार असला पाहिजे. प्रत्येक तुकड्यावर जी३८.२ ने प्रोब करणे, म्हणजे बिट टेकेपर्यंत खाली नेऊन पृष्ठभाग शोधणे, शक्य आहे, पण लाकूड वीज वाहून नेत नसल्याने दर वेळी धातूची चकती ठेवावी लागते आणि काम रेंगाळते. त्यापेक्षा बैठकीच्या दोन्ही टोकांना वरून टेकणाऱ्या पातळ पट्ट्या स्थिर बसवाव्यात आणि लाकूड खालून स्पंजने किंवा रबराने त्यांवर दाबले जाईल अशी रचना करावी. जाडी कितीही असो, वरचा पृष्ठभाग एकाच उंचीवर येतो.

जाडी सारखी असूनही खोली तुकड्यागणिक वाढतच गेली, तर बिट कोलेटमधून (त्याचा दांडा धरणाऱ्या पकडीतून) खाली ओढला जात आहे. वर भुसा फेकणाऱ्या सर्पिल बिटांना ही सवय असते. कोलेट काढून आतला भुसा आणि तेल पुसावे, ३.१७५ मिमीच्या दांड्याला ३ मिमीचे कोलेट जबरदस्तीने लावलेले नाही ना ते पाहावे आणि नट दोन पान्यांनी आवळावा. खोली तीच असून रेघेच्या कडा केसाळ होऊ लागल्या असतील तर बिट बोथट झाला आहे.

वेळ कुठे जातो

दोष गेला की वेळेकडे पाहता येते. बारा नावपट्ट्यांच्या बैठकीत प्रत्येक पट्टीवर बिट बारा वेळा उचलला जातो असे धरले तर एकूण १४४ उचल होतात. उंच क्लॅम्पमुळे सुरक्षित उंची २ मिमीऐवजी २० मिमी ठेवावी लागली, तर प्रत्येक उचलीमागे वर-खाली मिळून ३६ मिमी जास्त प्रवास होतो. झेडचा कमाल वेग मिनिटाला ६०० मिमी असल्यास तो ३.६ सेकंदांचा, आणि सगळ्या घाण्यात साडेआठ मिनिटांहून अधिक भरतो. या मशीनांचा झेड अक्ष मुळातच संथ असतो, म्हणून फीड वाढवून वाचवलेले सेकंद उंच क्लॅम्प खाऊन टाकतात. बाजूने दाबणारी, पट्टीच्या पृष्ठभागाखाली राहणारी पकड करता आली तर बिटाला फार उचलण्याचे कारणच राहत नाही. वरून टेकणाऱ्या पट्ट्या लावायच्या असतील तर त्या टोकांच्या तीन मिलीमीटरच्या मोकळ्या कडेत मावतील एवढ्या अरुंद आणि दीड-दोन मिमी जाडीच्या असाव्यात, आणि सुरक्षित उंची त्यांच्या जाडीवरून ठरवावी.

जीआरबीएल १.१ मध्ये उपप्रोग्राम किंवा पुनरावृत्तीची आज्ञा नाही. मॅक३ किंवा लिनक्ससीएनसी या दुसऱ्या कंट्रोल सॉफ्टवेअरवर चालणारी, उपप्रोग्राम बोलावणारी एम९८ सारखी युक्ती येथे त्रुटी दाखवते. म्हणून एकसारख्या तुकड्यांसाठी कॅम सॉफ्टवेअरमध्येच, म्हणजे मशीनची फाइल तयार करणाऱ्या प्रोग्राममध्येच, रांगा-ओळींची मांडणी करावी. नावे वेगवेगळी असतील तर सहा बैठका करून त्यांना जी५४ ते जी५९ द्याव्यात, प्रत्येक नावाची फाइल पट्टीच्या कोपऱ्यापासून काढावी आणि सहा फाइली एकामागे एक जोडाव्यात. जोडताना मधले सगळे एम३० काढावेत, प्रत्येक भागाच्या डोक्यावर त्याची प्रणाली लिहावी, आणि प्रणाली बदलण्यापूर्वी जी५३ जी० झेड-२ देऊन बिट मशीनच्या वरच्या टोकाजवळ न्यावा, कारण दोन बैठकांचे झेड शून्य वेगळे असू शकते. तुकडे बदलण्यासाठी मध्ये एम० ठेवायचा असेल तर त्याच्या आधी स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) बंद करणारा एम५ अवश्य लिहावा; एम० हालचाल थांबवतो, स्पिंडल थांबवत नाही, आणि हात त्याच्याखाली जाणार असतो.

दोन बिट लागत असतील तर सगळ्या पट्ट्यांच्या चौकटी आधी आणि सगळी नावे नंतर, असा क्रम ठेवावा. बिट बदलल्यावर केवळ झेडचे शून्य पुन्हा घ्यावे आणि एक्स-वायला हात लावू नये. ‘सगळे शून्य करा’ हे बटण अशा वेळी सवयीने दाबले जाते आणि बारा बैठकांचे शून्य एका क्षणात हरवते. म्हणून बैठकीच्या कोपऱ्याचे मशीन-स्थानाचे तिन्ही आकडे बैठकीवरच पेन्सिलीने लिहून ठेवावेत, म्हणजे जी१० एल२ ने एक्स-वायचे शून्य पुन्हा लिहिता येते.